'अ‍ॅट फॉल्सम प्रिझन'ची लेगसी आवृत्ती: काही महिने ऐकल्यानंतर

जॉनी कॅश या अमेरिकन गायकाने १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम कारागृहाच्या भोजनगृहात कैद्यांसमोर दोन कार्यक्रम केले, एक सकाळी आणि एक दुपारी. त्यांतून निवडलेल्या सोळा गाण्यांची लाँगप्ले तबकडी कोलंबिया कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात बाजारात आणली. पुढे २००८ मध्ये दोन्ही कार्यक्रम, इतर कलाकारांची सुरुवातीची गाणी आणि निवेदकाच्या सूचना यांसह दोन सीडी व एका डीव्हीडीची 'लेगसी' आवृत्ती निघाली. गेल्या पावसाळ्यापासून मी हीच आवृत्ती ऐकत आहे. जुनी तबकडी मला आधीपासून पाठ होती, त्यामुळे एवढे सगळे पुन्हा विकत घेण्याचे कारण काय, अशी शंका मनात होती. आता ती उरलेली नाही. लाँगप्लेमध्ये गायक ऐकू येतो आणि श्रोते अधूनमधून डोकावतात. येथे दोघे बरोबरीने ऐकू येतात, आणि तुरुंगावरच्या गाण्यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

भावगीतांवर कान तयार झालेल्या श्रोत्याला कॅशचा आवाज सुरुवातीला उघडाबोडका वाटण्याची शक्यता आहे. खर्जातला, कमी फिरणारा, कधी स्वराच्या किंचित खाली राहणारा हा आवाज हरकती-मुरक्यांच्या वाटेला जात नाही. साथीला ल्यूथर पर्किन्सची इलेक्ट्रिक गिटार, मार्शल ग्रँटचा बेस आणि डब्ल्यू. एस. हॉलंडचे ड्रम एवढाच मुख्य संच आहे. आगगाडीसारखी एका लयीत पुढे सरकणारी जी चाल कॅशची ओळख बनली, ती मेम्फिसच्या सन या ध्वनिमुद्रण कंपनीत ड्रम नसतानाच्या काळात तयार झाली. गिटारच्या तारांखाली कागद सरकवून तो ड्रमचा भास निर्माण करीत असे. ल्यूथर मोजकेच स्वर वाजवतो, तरी त्याच्या दोन ओळींवरून गाणे ओळखता येते. या ध्वनिमुद्रणानंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९६८ मध्ये, घराला लागलेल्या आगीत भाजून त्याचा मृत्यू झाला.

'फॉल्सम प्रिझन ब्लूज' हे शीर्षकाशी जोडलेले गाणे कॅशने १९५० च्या दशकाच्या आरंभी, जर्मनीत लँड्सबर्ग येथे अमेरिकन वायुदलात असताना लिहिले. फॉल्समवरचा एक चित्रपट तेथे पाहण्यात आला, एवढाच त्याचा त्या तुरुंगाशी तेव्हाचा परिचय. गाण्याची चाल आणि बऱ्याच ओळी गॉर्डन जेंकिन्सच्या एका रचनेवरून घेतल्या होत्या आणि त्याबद्दल पुढे भरपाईही द्यावी लागली. कथानकात एक गंमतशीर चूक आहे: माणूस मारला नेवाडा राज्यातील रिनोमध्ये आणि शिक्षा भोगायची ती शेजारच्या कॅलिफोर्नियात. हे कोणत्या कायद्यात बसते, हे कॅशलाच ठाऊक. तरीही गाणे टिकून आहे, ते त्यातल्या मत्सरामुळे असे मला वाटते. बाहेरून जाणाऱ्या गाडीच्या भोजनडब्यात श्रीमंत लोक कॉफी पीत आणि सिगार ओढत बसले असतील, ही कल्पना कैद्याला छळते. पश्चात्तापापेक्षा ही गाडी पुढे सरकत राहते याचेच दुःख त्याला अधिक आहे, आणि गाण्याची लय ती गाडी आपल्याला सतत ऐकवत राहते.

केवळ मरताना पाहण्यासाठी माणूस मारला, या ओळीनंतर लाँगप्लेमध्ये जो जल्लोष ऐकू येतो, तो प्रत्यक्षात त्या क्षणी झालेला नव्हता. संकलनाच्या वेळी तो जोडला गेला. माझ्या मते निर्माता बॉब जॉन्स्टनच्या एरवी उत्तम कामगिरीतील ही एकमेव अक्षम्य गोष्ट आहे, कारण तिने कैद्यांना ते नव्हते तसे दाखवले. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाल्यानंतर याच ओळीमुळे गाण्याची एकेरी तबकडी अडचणीत आली आणि ती ओळ कापून पुन्हा काढावी लागली. आरंभीच्या गडगडाटाचीही आधी तयारी झालेली होती: कॅश स्वतःचे नाव सांगेपर्यंत टाळ्या वाजवू नका, असे निवेदक ह्यू चेरीने कैद्यांना बजावले होते. मात्र ही तयारी लबाडीची नव्हे. दाबून धरलेला आवाज एकदम सुटतो, तो खराच आहे.

मला या आवृत्तीने सर्वाधिक काही दिले असेल तर ते कैद्यांचे हसणे. '२५ मिनिट्स टू गो' हे शेल सिल्व्हरस्टीनचे गाणे फाशीच्या आधीची मिनिटे उलट मोजत जाते. 'जो बीन' या गाण्यात वाढदिवशीच फासावर जाणारा तरुण आहे. घरात दिवाणखान्यात बसून ऐकताना ही गाणी अघोरी वाटावीत अशी आहेत, पण येथे त्यांच्यावर मनमोकळा हशा पिकतो. 'कोकेन ब्लूज'मध्ये शिक्षेच्या ओळीत मूळच्या सॅन क्वेंटिन या कॅलिफोर्नियातील दुसऱ्या तुरुंगाऐवजी कॅश फॉल्समचे नाव घालतो, आणि समोरच्यांना ते बरोबर लागते. उलट, मर्ल ट्रॅव्हिसचे 'डार्क अ‍ॅज अ डंजन' हे खरे तर खाणकामगारांचे गंभीर गाणे. ते गाताना श्रोत्यांतल्या कोणाच्या तरी आवाजाने कॅशलाच हसू फुटते आणि गाणे चालू असताना हसायचे नाही, असे तो खोट्या गांभीर्याने सुनावतो. 'ग्रीन, ग्रीन ग्रास ऑफ होम'मध्ये घरी परतलेला नायक शेवटी कोठडीतच जागा होतो, तेव्हा मात्र हशा नाही. मृत्यूवर हसता येते, घरावर नाही, हे कोणत्याही प्रस्तावनेशिवाय येथे समजते. मधूनच ध्वनिक्षेपकावरून एखाद्या कैद्याचा क्रमांक पुकारून त्याला बोलावले जाते. त्या रुक्ष घोषणा जितक्या वेळा ऐकाव्यात, तितक्या त्या गाण्यांइतक्याच महत्त्वाच्या वाटू लागतात.

कॅशने स्वतः कधी तुरुंगवासाची शिक्षा भोगलेली नव्हती. १९६५ मध्ये एल पासो येथे नशेच्या गोळ्यांच्या प्रकरणात झालेल्या अटकेसारख्या प्रसंगी त्याने कोठडीतील रात्री तेवढ्या काढल्या होत्या. समोर बसलेला ग्लेन शर्ली मात्र आतलाच होता. त्याने रचलेले 'ग्रेस्टोन चॅपल' हे तुरुंगातील दगडी प्रार्थनागृहावरचे गाणे एका धर्मोपदेशकामार्फत कॅशपर्यंत पोहोचले, कॅशने ते आदल्या संध्याकाळी बसवले आणि पहिल्या रांगेतल्या शर्लीसमोर गायले. रचना म्हणून ते गाणे साधेच आहे, आणि आधीच्या गाण्यांच्या धारेपुढे थोडे भाबडेही. पण एका कैद्याचे शब्द त्याच्याच तुरुंगात, त्याच्याच साथीदारांसमोर म्हटले जात आहेत, हे विसरून ते ऐकता येत नाही. शर्ली १९७१ मध्ये सुटला, कॅशसोबत त्याने कार्यक्रम केले, पण बाहेरच्या जगात तो रुळला नाही; १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली. शेवटच्या टाळ्या मला आता पूर्वीसारख्या आनंदाच्या वाटत नाहीत.

दोष सांगायचे तर दुसरी सीडी मी क्वचितच लावतो. दुपारच्या कार्यक्रमात थकवा जाणवतो; मूळ लाँगप्लेसाठी त्यातली 'गिव्ह माय लव्ह टू रोझ' आणि 'आय गॉट स्ट्राइप्स' ही दोनच गाणी निवडली गेली, हा निर्णय योग्य होता. पहिल्या सीडीच्या आरंभी कार्ल पर्किन्सचे 'ब्लू स्वेड शूज' आहे. रॉकाबिलीचा, म्हणजे कंट्री आणि रॉक अँड रोल यांच्या मिश्रणाचा, तो अस्सल नमुना सकाळच्या त्या वेळी सभागृह कसे जागे करतो, हे ऐकण्यासारखे आहे. कुत्र्यावरचे आणि तुटलेल्या प्रेमावरचे, अशी जॅक क्लेमंटची दोन विनोदी गाणी एक-दोनदा ठीक. नंतर मी ती ओलांडून पुढे जातो. डीव्हीडीवरचा माहितीपट एकदा जरूर पाहावा, विशेषतः त्यात भेटणाऱ्या शर्लीच्या कुटुंबासाठी.

ही आवृत्ती ऐकून याच वाटेने पुढे जायचे असल्यास मर्ल हॅगर्ड या गायकाकडे वळावे. सॅन क्वेंटिनमध्ये कैदी असताना त्याने कॅशचा कार्यक्रम श्रोत्यांत बसून पाहिला होता. त्याचे १९६७ चे 'सिंग मी बॅक होम' हे फाशीकडे निघालेल्या कैद्याचे गाणे स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले आहे, त्यात हशा नाही, टाळ्या नाहीत, आणि त्यांची उणीवही भासत नाही. नव्या श्रोत्याने मात्र आधी पहिली सीडी निवेदकाच्या सूचनांसकट, काहीही न वगळता, घरातल्या स्पीकरवर मोठ्या आवाजात ऐकावी. हेडफोनवर कैद्यांचा आवाज डोक्याच्या आत अडकल्यासारखा होतो, आणि भोजनगृहाचा तो मोठा, घुमणारा अवकाश हरवतो.