उपकारांची वही : नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ही वही सुरू केली, परवा नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लागली. नऊ महिने झाले. चर्चच्या मंडळीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, ‘खरंच काही फरक पडतो का गं?’ म्हणून सविस्तर लिहिते.

वही साधीच. दोनशे पानी, एकरेघी, जाड पुठ्ठ्याची. आधी मोबाईलवर लिहून पाहिलं होतं, पण फोन हातात घेतला की आधी शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज. दहा दिवसांत सुटलं. वही स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर ठेवली आणि पेन सुतळीने तिलाच बांधून टाकलं. शेवटची पोळी झाली, तवा उतरवला की तीन-चार ओळी लिहायच्या. आज देवाने काय दिलं, एवढंच.

पहिले दोन महिने मी काय लिहीत होते? ‘गाडी पंक्चर झाली ती नेमकी दुकानासमोर.’ ‘माहेरची द्राक्षं उतरली आणि मगच पाऊस आला.’ ‘धाकट्याचा ताप उतरला.’ सगळं मनापासून होतं. मग मे महिन्यात यांच्या कंपनीने कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही, आणि वही कोरी पडली. अकरा दिवस एक अक्षर नाही. लिहिण्यासारखं काही मिळालंच नव्हतं ना!

बाराव्या दिवशी सासूबाईंनी वही चाळली. म्हणाल्या, ‘हे सगळं त्यानेच दिलं, खरं आहे. पण यातलं बरंचसं येतं आणि जातं. पौलाने काय काय मोजलंय ते बघ जरा.’ आणि बायबलमधला प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय काढला. मूळ ग्रीकमध्ये तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत एकच सलग वाक्य आहे. आईंनीही ते जवळजवळ एका दमात वाचलं. लिहिणारा बेड्यांत आहे, आणि स्वर्गातल्या सगळ्या आध्यात्मिक आशीर्वादांबद्दल देवाचा धन्यवाद करतोय. निवड, दत्तक, मुक्ती, क्षमा, वतन. शेवटी पवित्र आत्म्याचा शिक्का, आणि तो आत्मा म्हणजे आपल्या वतनाचा विसार.

‘विसार’ या शब्दावर आईंचं बोट थांबलं. आमच्या घरात तो शब्द दुखरा आहे. इथे नाशिकमध्येच पाथर्डी फाट्याच्या एका फ्लॅटसाठी आम्ही एक्कावन्न हजार विसार दिला होता. मालकाने दुसऱ्याशी व्यवहार केला आणि आमचे पैसे पाच महिने हेलपाटे घातल्यावर परत दिले. आई म्हणाल्या, ‘इथे विसार देवाने दिलाय बाळा. त्याचा व्यवहार मोडत नाही.’ मी हा अध्याय लहानपणापासून ऐकत आलेय, पण देणारा तो आणि घेणारी मी, हे त्या दिवशी कळलं. विसार म्हणून त्याने स्वतःचा आत्माच दिलाय, म्हणजे पुढे जे पूर्ण मिळायचं त्यातलाच आजचा हप्ता. त्या रात्री वहीत एकच ओळ लिहिली : ‘नोकरी नाही. विसार आहे.’ लिहिताना रडू आलं, पण झोपही लागली.

तेव्हापासून पद्धत बदलली. त्या वचनांतला एक शब्द आठवडाभर धरायचा आणि तो आज कुठे भेटला ते लिहायचं. यातले सगळ्यात भरलेले दिवस मुक्तीच्या आठवड्यातले. शरणपूर रोडने मी रोज ये-जा करते, नावाकडे लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं याच शरणपुरातल्या मिशनमध्ये राहिली, शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेले मिशनरी-प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडला गेला. ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ हे त्या मुलांना वाचून दाखवलं असेल तेव्हा समजावून सांगायची गरज पडली नसेल. सिग्नलला उभी असताना हे मनात आलं आणि घरी येऊन पानभर लिहिलं.

‘वतन’ मात्र जड गेलं. वडिलांच्या बागेवरून भावाशी दोन वर्षं अबोला होता. त्याला हक्कसोडपत्रावर माझी सही हवी होती. वतनाबद्दल रोज लिहायचं आणि त्याच शब्दावरून भावाशी तोंड फिरवायचं, हे चार दिवसही निभलं नाही. पाचव्या दिवशी फोन केला. ‘दादा, आईच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?’ एवढंच सुचलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘ताई, तू जेवलीस का?’ सही अजून केलेली नाही, माझा हिस्सा मला हवा आहे आणि तसं त्याला सांगितलंय. पण मनातला कडवटपणा गेला, आणि तो मी घालवलेला नाही.

आता उणिवा. ‘दत्तक’ शब्दावर तीन आठवडे काढले, काही उमटलं नाही. नुसतं कर्तव्य म्हणून लिहिलं. थकलेल्या दिवशी ओळी पाठ केल्यासारख्या येतात. अशा वेळी मी लिहीत नाही, आईंसोबत ना. वा. टिळकांचं एखादं पद म्हणते. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला ओवी-अभंगांच्या वळणाने आळवलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्याच, जलालपूरच्या. आपल्या बोलीतलं आभार मानणं कसं असतं ते तिथे सापडतं.

आणि एक मनापासून सांगते : ताजं दुःख असलेल्या माणसाच्या हातात ही वही देऊ नका. एका मैत्रिणीचं मूल गेलं तेव्हा उत्साहाच्या भरात मी तिला हे सुचवलं. चुकलं माझं. नंतर जाऊन माफी मागितली. आता मंगळवारी नुसती तिच्याजवळ बसते, भाजी निवडून देते.

यांना ऑगस्टमध्ये सिन्नरला काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, बहुतेक रात्रपाळी. घर ओढूनताणून चालतं. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला ते नसतात, म्हणून धाकटा वहीतली ओळ वाचतो आणि सकाळी त्यांना चहासोबत पुन्हा वाचून दाखवतो.

वहीची चौदा पानं उरली आहेत. नवी आणलीय, या वेळी दुरेघी. आईंना एकरेघीवर लिहायला जमत नाही, आणि पहिलं पान त्यांना हवंय.