फिगर असलेलं लाकूड घ्यायचंय? मेपल, ओक, सपेले की व्हिनिअर

छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्याचा हात जरा बसला की साध्या फळीवर त्याची नजर ठरेनाशी होते. मग कधी लाटा उमटलेलं कर्ली मेपल खुणावतं, कधी चंदेरी चट्ट्यांचा क्वार्टर सॉन (वार्षिक वलयं रुंद बाजूशी काटकोनात येतील असा कापलेला) ओक, कधी पट्ट्यापट्ट्यांचं सपेले. लाकडावरच्या अशा नैसर्गिक नक्षीला फिगर म्हणतात, आणि ही सगळीच देखणी आहेत. पण फळीबरोबर रंध्याची कटकट, वाया जाणारे तुकडे आणि पॉलिशचे नखरेही घरी येतात. म्हणून दिसण्याचा विचार मी सगळ्यात शेवटी करतो. आधी प्रश्न दोन: करायचं काय आहे, आणि हाताशी हत्यारं कोणती आहेत?

कर्ली मेपलपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचं मन तिथेच अडकतं. यात लाकडाचे तंतू सरळ न जाता नागमोडी जातात. अशा लाकडाचा तुकडा छिन्नीने फोडला तर फुटलेली बाजू पन्हळी पत्र्यासारखी निघते. रंधा मारून ती बाजू सपाट केली की तंतू कुठे प्रकाशाकडे तोंड करतात, कुठे पाठ, आणि त्यातून उजळ-गडद पट्टे दिसतात. म्हणजे पट्टे रंगाचे नसतात, प्रकाशाचे असतात. खरेदीच्या वेळी हे फार कामाला येतं. फळी तिरप्या उजेडात धरा आणि दुसऱ्या टोकाकडून पाहा. मघाशी उजळ दिसणारे पट्टे आता गडद दिसले तर फिगर खरी. जागचे हलले नाहीत तर तो डाग आहे किंवा मशीनच्या पात्याच्या खुणा आहेत. रफ फळी असेल तर ब्लॉक प्लेनने (छोट्या हातरंध्याने) हातभर पट्टा साफ करण्याची परवानगी मागा आणि त्यावर मिनरल स्पिरिटचा (रंग पातळ करायच्या द्रावकाचा) बोळा फिरवा. पॉलिशखाली फिगर साधारण कशी दिसेल ते लगेच कळतं, आणि पाणी लावल्यावर राहतात तसे तंतू उभेही राहत नाहीत.

मेपलमध्येही कोणतं मेपल, हे विचारून घ्या. लाकडाचा कठीणपणा सांगणाऱ्या जांका मोजमापात हार्ड मेपल सुमारे 1,450 पौंड भरतं, रेड मेपल 950 आणि बिगलीफ मेपल 850. हातरंध्याने काम करणाऱ्याला हा फरक मनगटात जाणवतो. टेबलाचा वरचा भाग किंवा कटिंग बोर्ड करायचा नसेल तर मऊ मेपलची कर्ली फळी जास्त सोयीची. पेटीच्या झाकणाला किंवा ड्रॉवरच्या दर्शनी फळीला 1,450 पौंडांचा कणखरपणा लागत नाही.

आता रंध्याकडे. नागमोडी तंतूंमुळे प्रत्येक लाटेचा अर्धा भाग सुलट आणि अर्धा उलट असतो. फळी फिरवून फायदा नाही, कारण फिरवल्यावर दुसरा अर्धा उलट होतो. उलट्या भागात पात्यापुढे तंतू उचकटतात आणि बारीक खड्डे पडतात. कोरड्या फळीवर हे खड्डे नजरेतून सुटतात, पॉलिशचा पहिला हात बसला की सगळे वर येतात. उपाय तीन, माझ्या पसंतीच्या क्रमाने. पहिला, धार ताजी करा आणि चिपब्रेकर, म्हणजे पात्यावर बसणारी छिलका मोडणारी पट्टी, पात्याच्या धारेच्या अगदी जवळ आणा, 0.1 ते 0.2 मिलिमीटरवर. छिलका मग उचकटण्याआधीच मोडून पुढे दुमडला जातो. यात नवीन काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून आधी हे करून पाहा. दुसरा, कोन वाढवा. नेहमीचा रंधा 45 अंशांचा असतो. पात्याच्या सपाट बाजूला 15 अंशांचा बारीक उतार घासला की कापण्याचा कोन 60 होतो. 12 अंशांच्या बैठकीचा बेव्हल-अप रंधा (पात्याचा उतार वर ठेवून बसवलेला) असेल तर पात्याला 50 अंशांची धार देऊन 62 मिळतो. ढकलायला जोर जास्त लागतो, पण ढलप्या उडत नाहीत. तिसरा, कार्ड स्क्रेपर, म्हणजे हातात धरून खरवडायचा पोलादी पत्रा. तो शेवटच्या सफाईसाठी. सगळी फळी स्क्रेपरने सपाट करायला गेलात तर अंगठे भाजतील आणि फळीही वरखाली होईल.

थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं रंधा-मशीन) वापरणाऱ्यांसाठी सांगायचं तर सरळ पात्यांच्या मशीनवर कर्ली मेपल टाकणं म्हणजे जुगार. हेलिकल कटरहेड (लहान पाती मळसूत्री ओळीत बसवलेला रूळ) असेल तर निम्मी चिंता मिटली. नसेल तर शेवटचे फेरे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी घ्या, त्याआधी फळीवर ओला फडका फिरवा, आणि नेमकी जाडी गाठायच्या आधी थांबा. उरलेलं काम ड्रम सँडरचं किंवा स्क्रेपरचं.

क्वार्टर सॉन ओकचं गणित निराळं आहे. इथे फिगर तंतूंच्या वळणातून येत नाही. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींचे पट्टे, म्हणजे मेड्युलरी रेज, फळीच्या रुंद बाजूवर उघडे पडतात. त्यासाठी वार्षिक वलयं रुंद बाजूशी जवळपास काटकोनात यावी लागतात, म्हणून फळीचं टोक पाहिल्याशिवाय ओक घेऊ नका. तंतू बऱ्यापैकी सरळ असल्याने साधा धारदार रंधाही चालतो, फक्त चट्ट्यांच्या जागी कधी कधी पापुद्रा सुटतो. दुसरा फायदा मला दिसण्याहून मोठा वाटतो. नुकत्या कापलेल्या ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत व्हाइट ओक वलयांच्या दिशेने 10.5 टक्के आकसतो, तर गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने 5.6 टक्केच. क्वार्टर सॉन फळीची रुंदी या दुसऱ्या दिशेत असते. म्हणजे पावसाळा-उन्हाळ्यात ती निम्मीच हलते आणि सहसा वाकडी होत नाही.

ओकची अडचण पायात दिसते. टेबलाच्या चौकोनी पायाला चार बाजू, चट्टे फक्त समोरासमोरच्या दोनांवर, उरलेल्या दोन बाजू साध्या. अमेरिकेतल्या एल. अँड जे. जी. स्टिकली या फर्निचर कंपनीने 20व्या शतकाच्या सुरुवातीला चार क्वार्टर सॉन पट्ट्या कडेला एकमेकींत अडकवून खांब बनवले, त्यामुळे चारही बाजूंना चट्टे मिळाले. घरच्या कामात पट्ट्यांच्या कडा 45 अंशांत कापून सांधल्या तरी जमतं. आणखी एक पथ्य: ओल्या ओकला लोखंड लागू देऊ नका. त्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळे डाग पाडतं. ओला फडका मारून वर स्टील वूल फिरवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

सपेलेबद्दल थोडक्यात. याचे तंतू थराथराने आळीपाळीने उलटसुलट कलतात, म्हणून क्वार्टर सॉन बाजूवर लांब पट्टे दिसतात. एक पट्टा लोण्यासारखा निघतो, शेजारचा उचकटतो. मेपलचेच उपाय इथेही लागू. रंग मात्र आयता तांबूस-तपकिरी मिळतो, त्यामुळे पॉलिशमध्ये फार कारागिरी लागत नाही. धूळ काहींच्या नाकाला झोंबते, तेव्हा मास्क लावाच.

क्विल्टेड मेपल हे मोहाचं प्रकरण. कर्ली फिगर क्वार्टर सॉन बाजूवर जोरात दिसते, क्विल्टेडचे ढगांसारखे आकार मात्र फ्लॅट सॉन (वलयं रुंद बाजूला जवळपास समांतर असलेल्या) बाजूवर दिसतात. म्हणून जाड फळी घेऊन ती उभी चिरण्याचा बेत असेल तर आधी विचार करा. नव्या बाजूवर ढग राहणार नाहीत. बिगलीफ मेपलचं हे लाकूड गिटारवाल्यांना इतकं हवं असतं की त्यासाठी चोऱ्या होतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक नॅशनल फॉरेस्टमध्ये 2018 साली मेपल चोरांच्या उद्योगातून वणवा पेटला, आणि 2021 मधल्या खटल्यात झाडांचा डीएनए पुरावा म्हणून उभा राहिला. फळी कुठून आली हे विचारणं म्हणजे नसती चौकशी नव्हे.

बर्ल म्हणजे झाडाला आलेलं आवाळू. त्याला कसली म्हणून दिशा नसते, त्यामुळे रंध्यापेक्षा लेथवरच ते शोभतं. फांदीच्या बेचक्यातलं लाकूड सुकताना हमखास तडकतं. लेथ नसेल तर दोन्ही व्हिनिअरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या रूपात घ्या.

आणि इथे खरा पेच येतो: भरीव फळी की व्हिनिअर? हौशी मंडळी व्हिनिअरला खोटं समजतात. मला ते पटत नाही. स्लाइस केलेलं व्हिनिअर साधारण 0.6 मिलिमीटर जाड असतं आणि एकाच ओंडक्याचे पापुद्रे क्रमाने मिळतात. शेजारचे दोन पुस्तकासारखे उघडले की आरशातली प्रतिमा तयार. भरीव फळीत हे करायचं तर जाड फळी मधोमध चिरा, करवतीत आणि रंध्यात लाकूड घालवा, मग ती चिरलेली पानं वाकतात का ते पाहत बसा. कपाटाच्या दारांना, रुंद पॅनेलला मी व्हिनिअरच निवडेन. पथ्यं मात्र पाळावी लागतात. प्लायच्या किंवा एमडीएफच्या दोन्ही बाजूंना व्हिनिअर लावा, नाहीतर पॅनेल एका बाजूला ओढलं जातं. सँडर बेताने फिरवा, कारण 0.6 मिलिमीटर बघता बघता संपतं. आणि कडेला राउटरने नक्षी काढायची असेल तर आधी भरीव लाकडाची पट्टी बसवा.

भरीव फळीचं पारडं जड होतं ते वळणदार कडा, हाताने घासला जाणारा भाग, लहान पेट्या आणि ड्रॉवरच्या दर्शनी फळ्यांत. खुर्चीच्या बारीक पायांना मात्र कर्ली लावू नका. तंतू लाटेगणिक बाहेर पडत असल्याने बारीक तुकडा वजन आलं की मोडू शकतो. वाफेवर वाकवायलाही ते बेभरवशाचं.

घेताना ग्रेडवर विसंबू नका. एनएचएलए या अमेरिकन लाकूड-संघटनेच्या प्रतवारी नियमांत एफएएस या सर्वात वरच्या प्रतीची फळी म्हणजे तिच्या कमी चांगल्या बाजूवरही सुमारे 83 टक्के निर्दोष लाकूड. या प्रतवारीत फिगर मोजलीच जात नाही, त्यामुळे फिगरसाठी वेगळा दर लावलेल्या फळीत गाठी असू शकतात. मोजमाप बोर्डफुटात असेल तर 12 बोर्डफूट म्हणजे एक घनफूट. साध्या लाकडात 20 टक्के वाया धरत असाल तर इथे 35 धरा, कारण फिगर जुळवताना चांगले तुकडेही बाजूला पडतात. मीटरने ओलावा पाहा. भट्टीत सुकवलेली फळी 6 ते 8 टक्क्यांची असते, आणि कापण्याआधी ती काही आठवडे तुमच्या खोलीच्या हवेत राहू द्या.

तर पहिल्यांदाच घेणार असाल, आणि हाताशी एक साधा रंधा, एक स्क्रेपर एवढंच असेल, तर क्वार्टर सॉन ओक घ्या. कोन वाढवता येणारा रंधा किंवा हेलिकल मशीन असेल तर कर्ली मेपल, तेही आधी पेटीएवढ्या कामासाठी. मोठं पॅनेल असेल तर व्हिनिअर. आणि जे घ्याल ते एकाच ओंडक्याचं, एक फळी जास्तीची धरून घ्या, कारण चार महिन्यांनी त्या जातीचं लाकूड मिळेल, त्या फिगरचं मिळेलच असं नाही. गाडीत चढवण्याआधी खडूने प्रत्येक फळीच्या टोकावर क्रमांक आणि वरची बाजू लिहून ठेवा.