अकरा महिने गेमिंग माऊस आणि त्याचे सॉफ्टवेअर : जेकार्डच्या आलेखावरचा अनुभव

डावे बटण एकदा दाबले की ते दोनदा दाबल्याची नोंद होऊ लागली, त्याला आता पाच आठवडे झाले. सेवा केंद्राशी फोनवर झालेल्या वादानंतर हा अनुभव लिहायचा असे मी ठरवले, तेव्हा तो केवळ तक्रारीचाच होणार होता. लिहायला बसल्यावर मात्र लक्षात आले की या अकरा महिन्यांत माझा वेळ, माझा संताप आणि, कबूल करायला हवे, माझा आनंदही माऊसपेक्षा त्याच्या सॉफ्टवेअरनेच जास्त घेतला आहे. डीपीआय (हात इंचभर सरकला की बाण पडद्यावर किती सरकतो त्याचे माप), बटणांची संख्या, केबलची लांबी हे सगळे खोक्यावर छापलेले असते, त्यामुळे त्याविषयी येथे काही नाही.

मी खेळ खेळत नाही. सोलापुरात घरी बसून चादरी आणि टॉवेलांसाठी जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणण्याचे, आलेख करून देते. संगणकावरच्या आलेखातला एक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठ. चौकोन भरला तर उभा धागा वर उचलला जातो, रिकामा सोडला तर खाली राहतो. एक चौकोन चुकला तर कापडावर एक टिपका चुकतो आणि नक्षी फिरून फिरून येत असल्याने तो चादरभर चुकत राहतो. या कामात दिवसाला सात-आठ हजार क्लिक सहज होतात. साधा तीनशे रुपयांचा माऊस मला जेमतेम सात महिने पुरत असे. तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, गेमिंगचा घे, बाजूची बटणं तुझ्या कामाची आहेत." जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपता संपता नवी पेठेतून वायरचा एक माऊस अठराशे पन्नास रुपयांना घेतला. दुकानदाराने पन्नास रुपयेही सोडले नाहीत.

पहिले दोन महिने मी या सॉफ्टवेअरचे कौतुक जो भेटेल त्याला ऐकवत होते. नेमबाजीच्या खेळात दूरवरचे लक्ष्य टिपताना माऊसचा वेग तात्पुरता कमी करण्यासाठी अंगठ्याजवळ एक बटण दिलेले असते. ते दाबून धरले की माझा १६०० डीपीआय ४०० वर उतरतो आणि नक्षीतल्या मोराच्या डोळ्यातला एकच चौकोन, शेजारच्याला धक्का न लावता, भरता येतो. बटण सोडले की वेग पुन्हा पूर्ववत होतो. ज्याने हे बटण बंदुकीसाठी योजले त्याच्या स्वप्नातही सोलापुरी चादर आली नसेल, पण त्याचे माझ्यावर उपकार आहेत. बाजूच्या दुसऱ्या बटणावर मी 'मागे घ्या' ही आज्ञा बसवली आणि तिसऱ्यावर मॅक्रो, म्हणजे नोंदवून ठेवलेली आज्ञांची मालिका.

या मॅक्रोची गंमत सांगण्यासारखी आहे. नक्षीचा एक तुकडा निवडायचा, त्याची नक्कल घ्यायची, चोवीस चौकोन उजवीकडे सरकायचे आणि तो तेथे बसवायचा, एवढे काम मला नोंदवून ठेवायचे होते. नोंदणी सुरू असताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली म्हणून मी क्षणभर थांबले. नंतर मॅक्रो चालवला की तो दरवेळी बरोबर त्याच जागी चार सेकंद थांबायचा, जणू शिट्टी मोजतो आहे. सॉफ्टवेअर नुसती बटणेच नव्हे, तर दोन बटणांमधले थांबेही नोंदवते हे मला तेव्हा कळले. सगळे थांबे शून्यावर आणले तर नक्षीचा प्रोग्राम अर्ध्या आज्ञा गिळू लागला. प्रत्येक पायरीला तीस मिलिसेकंदांचा थांबा ठेवला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मग एप्रिल आला. एका सकाळी संगणक सुरू केला, तर सॉफ्टवेअरने रात्रीतून स्वतःची नवी आवृत्ती बसवून घेतली होती आणि पुढे जाण्यासाठी खात्यात प्रवेश करा, असे ते सांगत होते. त्या दिवशी आमच्या भागात पहाटेपासून वीज ये-जा करत होती. संगणक इन्व्हर्टरवर चालत होता, पण इंटरनेट बंद पडले होते. खात्यात प्रवेश होईना आणि प्रवेश नाही म्हणून माझी प्रोफाइल, म्हणजे मी लावलेली बटणांची व्यवस्था, दिसेना. अंगठ्याचे बटण ब्राउझरमध्ये मागचे पान उघडण्याचे काम करू लागले, म्हणजे कारखान्यातून निघताना होते तसे. दुपारी टॉवेलच्या काठाचा आलेख अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यात पोहोचवायचा होता. माऊस माझा, वायर माझी, पैसे रोख मोजलेले, आणि माझ्याच बटणांची व्यवस्था मला दिसावी की नाही हे कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरने ठरवावे, याचा मला जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

एवढ्यावर भागले असते तरी मी गप्प बसले असते. पण नव्या आवृत्तीने आणखी एक उद्योग करून ठेवला होता आणि तो आठवडाभर माझ्या ध्यानात आला नाही. कारखान्यातून मास्तरांचा फोन आला, "ताई, मोराची मान मोडली का हो?" मी आलेख उघडून पाहिला, तर मानेच्या ज्या ठिकाणी वळण हळुवार उतरायला हवे, तेथे सात-आठ चौकोन एका ओळीत ताठ उभे होते. हात थरथरला असेल, असे वाटून मी तो भाग पुन्हा काढला आणि पुन्हा तेच झाले. शेवटी भाच्याने सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या पानावर 'अँगल स्नॅपिंग' नावाची खूण शोधून काढली. हात जवळजवळ आडवा किंवा उभा चालला असेल, तर माऊस त्याची वाट सरळ रेषेत बसवतो, असा तिचा अर्थ. नव्या आवृत्तीने ती खूण आपणहून सुरू केली होती. सरळ पट्टे काढणाऱ्याला तिचा उपयोग असेलही. वळणावर जगणाऱ्या माणसाने मात्र ती पहिल्याच दिवशी बंद करावी.

त्या रात्री एका ताऱ्याचा शेरा लिहून ठेवला होता. तो पाठवला नाही, कारण ही खूण शोधताना त्याच पानाच्या तळाशी, फिकट करड्या रंगात, 'ऑनबोर्ड मेमरीत साठवा' असे एक बटण सापडले. तीन महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होते. माझा सगळा रोष आणि सगळी कृतज्ञता आता या एका बटणावर येऊन ठेपली आहे. त्याचा अर्थ असा की डीपीआय, पोलिंग रेट (माऊस सेकंदाला किती वेळा आपली जागा कळवतो तो आकडा) आणि बटणांची कामे संगणकात न राहता माऊसच्या पोटातल्या लहानशा स्मृतीत जाऊन बसतात. जेकार्डवाल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँच्या जाकारने, ज्याच्या नावावरून आपण जेकार्ड म्हणतो, भोके पाडलेले पत्ते मागावर चढवले, तेव्हापासून नक्षी पत्त्यांत असते आणि पत्ते मागाबरोबर राहतात. विणकर बदलला तरी चादरीवरचा मोर बदलत नाही. ज्या सॉफ्टवेअरने हे पत्ते कपाटात ठेवून किल्ली परगावी नेली, त्याला मी तीन महिने डोक्यावर घेऊन नाचत होते.

खरा सुखद धक्का मे महिन्यात बसला. कारखान्यातल्या संगणकावर बाहेरचे काहीही बसवू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. काही दुरुस्त्या तेथेच बसून करायच्या होत्या म्हणून मी माऊस पिशवीत टाकून नेला आणि नुसता जोडला. अंगठ्याचे बटण दाबले, वेग उतरला. दुसरे दाबले, चूक मागे घेतली गेली. त्या संगणकावर सॉफ्टवेअरचा मागमूसही नव्हता. फक्त बाण हातात नीट बसेना, कारण विंडोजमधली 'पॉइंटर प्रिसिजन वाढवा' ही खूण तेथे सुरू होती आणि ती हाताच्या वेगानुसार बाणाची चाल कमी-जास्त करते. ती माऊसमध्ये साठवली जात नाही, ज्या त्या संगणकावर जाऊनच काढावी लागते. ती काढली आणि वेगाची पट्टी अकरापैकी सहाव्या खुणेवर आणली, तेव्हा घरच्यासारखे वाटले.

ऑनबोर्ड स्मृतीत सगळेच मावत नाही, हेही नोंदवायला हवे. नक्षीचा प्रोग्राम उघडला की एक प्रोफाइल आणि खेळ उघडला की दुसरी, अशी आपोआप अदलाबदल सॉफ्टवेअर मागे चालू असेल तरच होते. माझा लांबलचक मॅक्रोही आत मावला नाही, त्याचे दोन तुकडे करावे लागले. भाच्यासाठी मी वेगळी प्रोफाइल ठेवली आहे, पण त्यात मॅक्रो मुद्दाम ठेवलेला नाही, कारण काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या खेळात हालचालीच्या किंवा गोळीबाराच्या अनेक क्रिया एकाच बटणात कोंबणाऱ्याला ऑगस्ट २०२४ पासून सामन्यातून बाहेर काढतात. पोलिंग रेट त्याने १००० वर नेला आहे, म्हणजे माऊस दर मिलिसेकंदाला आपली जागा कळवतो. १२५ वर तो आठ मिलिसेकंदांनी कळवतो. मला या दोहोंत रुपयाचाही फरक जाणवला नाही.

माऊस जोडताच आपोआप अवतरणारे सॉफ्टवेअर मी तेव्हापासून बसू देत नाही आणि त्यामागे नुसता राग नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रेझर या माऊस बनवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत उघड झाले होते की विंडोज १० च्या संगणकाला माऊस जोडला की त्याचे सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने चालू होई आणि फोल्डर निवडण्याच्या खिडकीतून कोणीही त्या संगणकाचा संपूर्ण ताबा घेऊ शकत असे. कंपनीने तो दोष दुरुस्त केला. तरी कारखान्यातल्या संगणकावर बाहेरचे काही बसवू न देणारा माणूस मला तेव्हापासून अधिकच शहाणा वाटतो.

माऊसखालच्या पॅडचे पैसे मी वाचवले. माऊसच्या तळाचा सेन्सर पृष्ठभागाची छायाचित्रे दर सेकंदाला हजारोंनी टिपतो आणि एकापुढे एक ठेवून हालचाल ओळखतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याला आपला पृष्ठभाग शिकवण्याची सोय आहे. मी आधी टॉवेलचा तुकडा अंथरला. टॉवेलच्या कापडावर सुताचे फास उभे असतात, त्यामुळे माऊस कधी वर, कधी खाली होत राहिला आणि बाण मध्येच जागच्या जागी गोठू लागला. चादरीचा, गाठी आतल्या बाजूला दुमडून शिवलेला, सपाट तुकडा मात्र पहिल्याच फटक्यात मान्य झाला. कारखान्यातून उरलेला तो तुकडा फुकट मिळाला होता आणि मळला तर धुता येतो. सुताची कुसं दर पंधरा दिवसांनी सेन्सरच्या खाचेतून चिमट्याने काढावी लागतात, एवढाच खर्च.

आता डाव्या बटणाकडे येते. माझ्या प्रोग्राममध्ये चौकोनावर क्लिक केले की तो भरतो आणि पुन्हा केले की पुसला जातो, म्हणजे एका क्लिकचे दोन झाले की चौकोन रिकामाच राहतो. खोक्यावर दोन कोटी क्लिकची हमी छापली आहे. दिवसाला आठ हजार धरले तर हे अडीच हजार दिवसांचे आयुष्य झाले, वर्षाचे तीनशे कामाचे दिवस मोजले तर आठ वर्षांहून अधिक. माझे बटण दहाव्या महिन्यात गेले. सेवा केंद्राच्या मुलाने फोनवर तीनदा सांगितले, "मॅडम, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका." चौथ्यांदा त्याने पुण्याला स्वखर्चाने कुरिअर करा, पंधरा दिवस लागतील, असे सांगितले. पंधरा दिवस माझे काम काय वाट पाहत बसणार?

येथे मला सॉफ्टवेअरची पुन्हा एकदा बाजू घ्यावी लागते. बटणाच्या आतली धातूची पट्टी दाबल्यावर क्षणभर थरथरते आणि ती थरथर म्हणजे नवे क्लिक समजू नये यासाठी माऊस काही मिलिसेकंद कान बंद ठेवतो. याला डिबाउन्स म्हणतात आणि माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तो ४ पासून १६ पर्यंत बदलता येतो. ४ चा १२ केला आणि तीन आठवडे बटण शहाण्यासारखे वागले. नंतर १६ वरही भागेना, कारण झिजलेली पट्टी झिजलेलीच असते. मग वॉरंटीचे दोन महिने शिल्लक असताना नवी पेठेतल्याच एका दुरुस्तीवाल्याकडून नवा स्विच डाखून घेतला. दीडशे रुपये, अर्ध्या तासाचे काम. वॉरंटी गेली, माऊस राहिला.

सध्या सॉफ्टवेअर संगणकावरून काढून टाकले आहे. त्याची जुनी, एप्रिलच्या आधीची आवृत्ती पेन ड्राइव्हवर, चिठ्ठीसह, टेबलाच्या खणात आहे. ते काढल्यापासून माऊसच्या पोटातले दिवे सात रंगांत अखंड फिरत असतात आणि रंग थांबवायचा असेल तर सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे लागेल, असे भाचा सांगतो. मी त्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली आहे.