छतावर अँटेना की छतावर राउटर?

डोंगराआडच्या कोकणी घरात अंगणात मिळणारा ४जी सिग्नल चिऱ्याच्या भिंती ओलांडेपर्यंत अर्धमेला होतो. उपाय दोन: राउटर घरात ठेवून अँटेना छतावर न्यायचा, किंवा सिमसकट आख्खा राउटरच वर बसवायचा.

पहिल्यात खरी गोम केबलची. ४जीच्या २३०० मेगाहर्ट्झ लहरींवर स्वस्त आरजी-५८ केबल मीटरमागे सुमारे १ डीबी (डेसिबल, सिग्नल किती वाढला वा घटला याचे माप) खाते. १० मीटरमध्ये १० डीबीआयच्या (म्हणजे सिग्नल सुमारे १० डीबीने वाढवणाऱ्या) अँटेनाची सगळी कमाई संपली. जाड एलएमआर-४०० मीटरमागे साधारण ०.२२ डीबी घेते, पण ती महाग आणि वाकवायला अवघड. शिवाय मायमोसाठी (एकाच वेळी अनेक अँटेनांवरून डेटा नेण्याच्या तंत्रासाठी) दोन केबल लागतात आणि दोन अँटेना एकमेकांशी काटकोनात. एकच जोडला तर वेग पडतो.

छतावरच्या राउटरला ही कटकट नाही. खाली येते ती साधी लॅन केबल, १०० मीटरपर्यंत चालणारी; वीजही तिच्यातूनच वर जाते. फक्त पीओई अडॅप्टर (लॅन केबलमधून वीज पाठवणारा) त्याच राउटरचा वापरा. २४ व्होल्टच्या जागी ४८ लावलात तर पोर्ट जळू शकतो.

केबल ५ मीटरच्या आत भागत असेल आणि राउटरला अँटेनाचे सॉकेट असेल, तरच पहिला पर्याय घ्या. एरवी दुसराच.

अँटेनाची किंवा राउटरची दिशा ठरवताना सिग्नलच्या काड्या पाहू नका. १० अंश फिरवा, मिनिटभर थांबा, राउटरच्या सेटिंग पानावर आरएसआरपीसोबत (सिग्नलची ताकद; शून्याच्या जितके जवळ तितकी जास्त) एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ; जास्त तितका चांगला) वाचा: आरएसआरपी -९५ वर एसआयएनआर १५ असेल, तर तो -८५ वरच्या ३ पेक्षा केव्हाही चांगला. पावसाळ्याआधी सांध्यांवर सेल्फ-फ्युजिंग (स्वतःलाच चिकटणारी) टेप गुंडाळा आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.