डोळ्याचा पडदा सुटला त्याला सात महिने झाले

वय ५२, चष्म्याचा नंबर उणे नऊ. इतका नंबर असला की डोळा लांबट होतो, आतला पडदा ताणला जाऊन पातळ पडतो आणि फाटू शकतो, हे मला उजव्या डोळ्याचा पडदा सुटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आधी काजळी उडावी तसे काळे ठिपके आले. दिवा मालवला की डोळ्याच्या कडेला वीज चमकायची. जवळच्या एका दवाखान्यात बाहुली मोठी न करताच "ताण आहे" म्हणून थेंब दिले. त्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी वह्या तपासताना नाकाच्या बाजूने खालून काळपट सावली चढायला लागली. पुण्यात पोचेपर्यंत पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, तोही सुटला होता. ते चार दिवस मला अजून सलतात. ठिपके आणि चमक अचानक सुरू झाली तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, थेंबांवर थांबू नका.

शस्त्रक्रिया विट्रेक्टॉमीची झाली. डोळा बाहेर काढून ठेवतात असं आमच्याकडेही सगळे समजत होते. तसं काही नसतं. बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागात मिलिमीटरहून लहान तीन छिद्रं पाडतात, आतला जेलीसारखा द्रव काढतात, पडदा जागेवर बसवून फाटलेल्या जागेभोवती लेझर मारतात आणि वायू भरतात. सव्वा तास लागला. भुलीचं इंजेक्शन तेवढं दुखलं.

खरा विचार करावा लागला तो आदल्या दिवशी, पडदा दाबून धरायला डोळ्यात वायू भरायचा की सिलिकॉन तेल याचा. तेल काढायला काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. वायू आपोआप विरतो, पण मला जो द्यायचा होता त्याला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तोवर विमान नाही, घाट नाही. मी पाचगणीची, पुण्यापेक्षा सातशे मीटर उंचावर राहणारी. डॉक्टर म्हणाले, "बाई, पसरणी घाट चढलात तर हवेचा दाब कमी होऊन बुडबुडा फुगेल. डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते." मी वायूच घ्यायचं ठरवलं आणि सिंहगड रस्त्याला मावसबहिणीकडे मुक्काम टाकला. डोळ्यात वायू आहे हे सांगणारा पट्टाही हाताला बांधला होता, कारण या काळात दुसरी कसली भूल द्यायची वेळ आली तर नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू चालत नाही.

मग पालथं राहणं. सात दिवस, तासातली पन्नास मिनिटं तोंड खाली. बुडबुडा वर तरंगतो, पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला. तोंड खाली असलं तरच बुडबुडा त्याला दाबून धरतो. उशांवर पहिल्याच रात्री मानेत उसण भरली. सकाळी बहिणीने जुन्या सुती लुगड्याची चुंबळ वळली, हंड्याखाली ठेवतात तशीच, पण कपाळ आणि गाल टेकतील एवढी मोठी. नाक मधल्या पोकळीत, श्वास मोकळा, डोळ्यावर दाब नाही. शस्त्रक्रियेचं श्रेय डॉक्टरांचं, पण ते सात दिवस त्या चुंबळीने आणि "ताई, मान खाली!" या हाकेने काढले.

पहिले दोन आठवडे नुसता उजेड कळायचा. तिसऱ्या आठवड्यात वरच्या कडेला स्वच्छ पट्टी उघडली आणि तिच्याखाली रेघ, ग्लासातल्या पाण्यासारखी डुचमळणारी. मान हलवली की तीही हलायची. रोज थोडी खाली उतरत गेली. शेवटी तळाशी काळ्या कडेचा एक मणी उरला आणि ५१व्या दिवशी सकाळी तोही नव्हता. डॉक्टरांनी तपासून होकार दिला, तेव्हाच घाट चढले.

आता चष्म्यासह उजव्या डोळ्याने ६/१८ दिसतं, म्हणजे चांगल्या नजरेला अठरा मीटरवरून वाचता येतं ते मला सहा मीटरवरून. डाव्यापेक्षा अक्षरं किंचित बारीक वाटतात. मोतीबिंदू धरायला लागलाय. या शस्त्रक्रियेनंतर तो बहुतेकांना लवकर होतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डाव्या डोळ्यातही पातळ जागा सापडल्या, तिथे लेझर करून घेतलं.

चहा गाळताना अजून कधीकधी कप चुकतो. वह्या तपासते, अर्ध्या तासाने थांबून. दर रविवारी एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघते. उजव्या डोळ्याला मधला गज पोट काढल्यासारखा वाकडा दिसायचा, गेल्या दोन महिन्यांत तो थोडा सरळ झालाय.