वेस्टर्न सॅडल, नऊ महिने वापरल्यावर: बाकी ठीक, पण त्या रिकिबी!

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून येताना उजव्या रिकिबीची (पाय ठेवायच्या कडीची) वादी तुटली म्हणून शेवटी लिहायला बसलो, नाहीतर एप्रिलपासून लिहीन लिहीन म्हणतोय. वेस्टर्न सॅडल म्हणजे अमेरिकन गुराख्यांचं खोगीर: पुढे हॉर्न म्हणजे मूठ, ज्याला रिकीब लटकते तो चामड्याचा रुंद पट्टा म्हणजे फेंडर, आणि घोड्याच्या पोटाखालून आवळायचे दोन पट्टे म्हणजे डबल तंग. कानपूरची बनावट, वजन १६ किलो, किंमत २८,५०० आणि वर ट्रान्सपोर्टचे १,१०० जे ऑर्डर देताना कोणी सांगितले नव्हते.

आता रिकिबी. नवा फेंडर पत्र्यासारखा कडक असतो, रिकीब घोडीच्या अंगाला चिकटून लोंबते, पाय घालायला ती वळवायची आणि मग तास-दीड तास ती परत फिरायला बघते, तो सगळा पीळ आपल्या गुडघ्यात. मखमलाबादहून गंगापूर धरणाच्या बाजूला पहिल्यांदा गेलो आणि घरी आल्यावर जिना बसत बसत चढलो. डॉक्टरने ६०० घेतले आणि घोडा बंद करा म्हणाला.

उपाय साधा आहे, विकणाऱ्याने सांगायला पाहिजे होता. सॅडल पिंपावर ठेवायची, फेंडर आतून ओले करायचे, दोन्ही रिकिबी बाहेरच्या अंगाला अर्धा फेरा पिळायच्या आणि त्यातून एक काठी आरपार घालून रात्रभर सोडून द्यायचं. मी मच्छरदाणीची काठी घातली. सकाळी काठी काढली की रिकीब हळूहळू परत जागेवर जाते, आपण रात्री परत पिळायची. तीन आठवडे असं केलं तेव्हा कुठे रिकीब आपणहून पुढे तोंड करून उभी राहायला लागली.

पावसाळ्यात बुरशी आली, ती काय नाशकात चपलांनाही येते.

मे महिन्यात मात्र माझं मत पार फिरलं होतं, सॅडल परतच करणार होतो. ही सॅडल मुळात अमेरिकन क्वार्टर हॉर्सच्या पाठीची. तो घोडा पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या शर्यतीवरून नाव पडलेला, रुंद सपाट पाठीचा. आपली काठियावाडी अरुंद, मानेमागचा उंचवटा वर आलेला. सॅडल बसून त्या उंचवट्यावर टेकायला लागली, वर माणूस बसल्यावर खाली दोन-तीन बोटं तरी गेली पाहिजेत. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "सर, सॅडल ठीक है, घोडी पतली है." म्हणजे घोडी बदलू का मी! शेवटी जाड पॅड आणि खाली दुमडलेली घोंगडी, खोगीरभरती शब्द का निघाला ते त्या दिवशी कळलं. तंग सोडल्यावर घामाचा ठसा बघत जा, ओल्या पाठीवर मध्येच रुपयाएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे दाब येतोय. दोन आठवडे डावीकडे दिसत होता, घोंगडीची घडी बदलली तेव्हा गेला.

दुसरा धक्का वजनाचा. घोड्यावर त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं, हा ढोबळ हिशोब. घोडी ३८० किलो म्हणजे ७६. मी ७१ आणि सॅडल १६. करा बेरीज. तेव्हापासून माझी मुलगी बसते, ४६ किलो, आणि खरं सांगायचं तर घोडी तिच्यामुळेच तयार झाली. आधी साधी लगाम दोन हातात, थांब म्हटलं की थांबणं, मग मानेला लगाम टेकवला की वळणं, आता एका हातात लगाम धरून द्राक्षबागेच्या बांधाने जॉग करत, म्हणजे संथ दुडक्या चालीने जाते. जवळजवळ तीस हजार मी माझ्या बुडासाठी घातले होते हा भाग वेगळा.

तर वादी. घोडीला सारंगखेड्याला न्यायला पिकअप केली, जनावरांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट घेतलं, खाली रबर मॅट, बांधाला गाडी लावून चढवली, दर तीन तासांनी पाणी. मानेचा दोर मोकळा ठेवा, डोकं खाली करता आलं नाही तर श्वासनळीतला चिकटा बाहेर पडत नाही आणि पुढे न्यूमोनिया होतो. एवढं सगळं करून येताना जागा वाचवायला म्हणून मी सॅडल घोडीच्या पाठीवरच ठेवली. राहुड घाटात ड्रायव्हरने ब्रेक मारला, घोडी तोल सावरायला सरकली आणि रिकीब फळीच्या हुकात अडकली. वादी तुटली म्हणून घोडी उभी राहिली, नसती तुटली तर पडलीच असती. कच्च्या चामड्याला शिव्या द्यायला तोंड उघडलेला मी चांदवडपर्यंत गप्प बसून होतो.

तरी वॉरंटी मागितलीच. "ट्रान्सपोर्ट में टूटा तो वॉरंटी नहीं." मीच मूर्खासारखं खरं सांगितलं होतं. भद्रकालीतल्या मोच्याने डबल टाका मारून ८० रुपयात नवी वादी दिली, कानपूरवाला ९०० म्हणत होता.

नवी वादी परत कडक, रिकीब परत फिरते. काल रात्री बायको म्हणाली, "अहो, डास चावतायत, काठी कुठंय?" काठी सॅडलमध्ये आहे, अजून दोन आठवडे तरी.