ताणला की चमकणारा धागा: कॉपरवाली झिंक सल्फाइड पावडर घ्यावी का?

बॅटरी नाही, वायर नाही, आधी उजेडात ठेवायची पण गरज नाही, अंधारात धागा जोरात ओढला की लगेच हिरवा चमकतो! कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टसाठी ही पावडर ऑनलाइन मागवली, सोबत दोन भागांचं ट्रान्सपरंट सिलिकॉन, आणि धागे लॅबमध्येच बनवले. मला तर जाम आवडलंय.

घेताना एक गोष्ट मात्र नीट बघा. ग्लो पावडर म्हणून जे सगळीकडे मिळतं ते बहुतेक स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं, ते उजेड पिऊन नंतर बराच वेळ चमकत राहतं, मग ताणामुळे पडलेला उजेड कुठला आणि आधीचा कुठला हे कळणारच नाही. आपल्याला हवी ती ईएल वायरमध्ये (वीज दिली की चमकणारी सजावटीची वायर) वापरतात ती इलेक्ट्रोल्युमिनिसंट, म्हणजे विजेने चमकणारी ग्रेड. माझ्या पाकिटावर ग्रेडच लिहिलेली नव्हती, सेलरला मेसेज करून विचारावं लागलं, एक स्टार तिथे गेला.

बनवायला सोपं आहे. सिलिकॉनचे दोन भाग, मुख्य आणि घट्ट करणारा, 10 ला 1 मिसळायचे, पावडर घालायची, बुडबुडे जाऊ द्यायचे, सिरिंजने टेफ्लॉनच्या बारीक नळीत भरायचं आणि ओव्हनमध्ये 100 डिग्रीला साधारण 35 मिनिटं, ओव्हन नसेल तर दोन दिवस तसंच ठेवा. रिसर्चमध्ये वजनाने 70 टक्क्यांपर्यंत पावडर घालतात, पण पोरं खेचाखेची करणार असतील तर निम्मी घाला, उजेड थोडा कमी पडतो पण धागा पटकन तुटत नाही. लॅटेक्सचे ग्लोव्हज अजिबात नको, त्यातल्या सल्फरमुळे सिलिकॉन सेट होत नाही, चिकट राहतं, नायट्राइलचे घ्या. पावडर मोजताना मास्क लावा.

आता सेन्सर म्हणून कसं? झटक्यात ताणला तर मस्त उजेड, हळू ताणला तर फिका, आणि ताणून तसाच धरला की अंधार. म्हणजे वजन टांगून ठेवलंय ते किती हे हा धागा सांगणार नाही, पण झटका, कंपन, वाकणं हे जिथे होतं तिथेच दाखवतो आणि हेच मला सगळ्यात भारी वाटतं, गाठ मारून ओढा, ताण कुठे जमा होतो ते पोरांना डोळ्यांनी दिसतं, फळ्यावर कितीही आकृत्या काढा, असं समजत नाही. मोबाइलने शूट करताना एक्स्पोजर लॉक करा नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड कमीजास्त करतो आणि तुलना बोंबलते.

टिकाऊपणाची काळजी नको, 2013 मध्ये साउथ कोरियाच्या डीजीआयएसटी या संशोधन संस्थेतल्या टीमने झिंक सल्फाइड आणि सिलिकॉनचं असंच मटेरियल जवळपास 1 लाख वेळा ताणून दाखवलं होतं. उरलेली पावडर मात्र दमट हवेत उघडी ठेवू नका, खराब होते. कॉपरऐवजी मँगनीजवाली घेतली तर केशरी उजेड मिळतो, पुढची ऑर्डर तिचीच.

5 पैकी 4 स्टार.